उत्तरवाहिनी महानदी : मॅकेन्झीचा प्रवाह आणि प्रदेश



नदी कोणत्या दिशेला वाहते, या गोष्टीला आपल्या परंपरेत विशेष महत्त्व दिलेले आहे. काशीक्षेत्री गंगा थोडेसे अंतर उत्तरेकडे वळते, आणि तेवढ्यासाठी ‘उत्तरवाहिनी’ हे आदराचे विशेषण तिच्या नावामागे लागते. आज मी जिच्याविषयी बोलणार आहे ती नदी उगमापासून मुखापर्यंत उत्तरेचीच वाट धरून जाते. ही कॅनडाच्या वायव्य भागातील मॅकेन्झी नदी होय. तिच्या उत्तरवाहिनी असण्याला पुण्याचे वलय नाही. तथापि तिच्या काठच्या जीवनातील बहुतेक महत्त्वाच्या गोष्टी या एका दिशेवरून ठरतात. बर्फ केव्हा फुटतो, पूर कोठे चढतो, वृक्षहीन किनाऱ्यावर लाकूड कोठून येते, इतकेच नव्हे तर दूर दक्षिणेत घेतलेल्या निर्णयांची फळे कोणाच्या पदरात पडतात, या साऱ्यांचे उत्तर त्या दिशेत आहे. ते कसे, हे पाहण्याचा प्रयत्न आपण करू.

प्रथम नावाचा विचार करू. भाषांतराचा व्यवसाय करणाऱ्या माणसाला नावापाशी थोडे थांबणे भाग पडते. ‘मॅकेन्झी’ हे नाव एका स्कॉटिश व्यापाऱ्याच्या आडनावावरून पडले आहे. नदीकाठच्या डेने लोकांपैकी स्लेव्ही भाषा बोलणारे तिला ‘देहचो’ म्हणतात. ‘देह’ म्हणजे नदी आणि ‘चो’ म्हणजे मोठी. मुखाजवळ राहणारे इनुव्हिआलुइट तिला ‘कूक्पाक’ म्हणतात आणि त्याही शब्दाचा अर्थ मोठी नदी असाच होतो. या दोन भाषा अगदी वेगळ्या कुळांतील आहेत. तरीही दोघींनी नदीला जे नाव दिले त्याचे भाषांतर करताना आपल्याला शब्द शोधावा लागत नाही. छत्तीसगढ आणि ओडिशातून वाहणाऱ्या एका नदीला आपण तेच नाव देऊन ठेवले आहे : महानदी.

हे नाव सार्थ आहे. मॅकेन्झीचे पाणलोट क्षेत्र सुमारे १८ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या क्षेत्रफळाच्या निम्म्याहून अधिक आहे. उत्तर अमेरिकेत मिसिसिपीच्या खालोखाल हिचाच क्रम लागतो. मात्र ज्या वायव्य प्रांतांतून तिचा मुख्य प्रवाह जातो, त्यांची एकूण लोकसंख्या पन्नास हजारांनाही पोचत नाही. आपल्याकडचे एखादे तालुक्याचे गावही याहून मोठे असू शकते. या विरळ वस्तीमुळेच नकाशावर हा प्रदेश ‘निर्जन’ म्हणून रंगविण्याचा मोह बाहेरच्यांना होत आला आहे.

आता प्रवाह पाहू. भूगोलाच्या पुस्तकांत मॅकेन्झीची लांबी कोठे १,७३८ किलोमीटर, तर कोठे ४,२४१ किलोमीटर दिलेली आढळते. दोन्ही आकडे बरोबर आहेत. पहिला आकडा ग्रेट स्लेव्ह सरोवरापासून समुद्रापर्यंतच्या, मॅकेन्झी हे नाव धारण करणाऱ्या प्रवाहाचा आहे. दुसऱ्या आकड्यात सर्वांत दूरच्या उगमापासूनची सारी वाट मोजलेली आहे. ती वाट ब्रिटिश कोलंबियातील रॉकी पर्वताच्या परिसरात फिन्ले नदीच्या रूपाने सुरू होते. फिन्लेचे पाणी पीस नदीत येते, पीस पर्वत भेदून पूर्वेकडे व नंतर ईशान्येकडे अल्बर्टा प्रांत ओलांडते. तिकडे अल्बर्टाच्याच नैर्ऋत्येला, जॅस्परच्या हिमक्षेत्रात, अथाबास्का नदी उगम पावते आणि सुमारे १,२०० किलोमीटरांचा प्रवास करून अथाबास्का सरोवरास मिळते. सरोवराच्या पश्चिम टोकाशी या दोन नद्यांनी गाळ टाकून एक विस्तीर्ण त्रिभुज प्रदेश निर्माण केला आहे. समुद्रापासून एवढ्या दूर, गोड्या पाण्यात तयार झालेले इतके मोठे त्रिभुज प्रदेश जगात फार थोडे आहेत. पीस नदीला मोठा पूर आला म्हणजे येथे एक नवल घडते. सरोवरातून बाहेर पडणारे पाणी अडते, उलटे फिरते आणि भोवतालच्या उथळ तळ्यांत व गवताळ पाणथळींत पसरते. या पाण्यावर तेथील पक्षी, मासे, कस्तुरी उंदीर आणि त्यांच्यावर जगणारी माणसे अवलंबून असतात.

पीस नदी आणि सरोवराचे पाणी एकत्र आले की त्या प्रवाहाला स्लेव्ह नदी म्हणतात.  हे नाव डेने लोकांच्या एका शाखेला शेजाऱ्यांनी दिलेल्या नावाचे इंग्रजी रूप आहे. फोर्ट स्मिथजवळ या नदीवर चार मोठे खळाळ आहेत आणि पूर्वी तेथे होड्या व सामान जमिनीवरून वाहून न्यावे लागे. त्यांच्यापुढे मात्र समुद्रापर्यंत मोठ्या नावांना मार्ग मोकळा आहे. स्लेव्ह नदी ज्या ग्रेट स्लेव्ह सरोवरात शिरते त्याची कमाल खोली ६१४ मीटर असून उत्तर अमेरिकेत त्याहून खोल सरोवर नाही.

सरोवराच्या पश्चिम टोकातून मॅकेन्झी बाहेर पडते. या ठिकाणी पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून केवळ सुमारे १५६ मीटर उंच आहे. म्हणजे पुढच्या १,७३८ किलोमीटरांत नदीला जेमतेम तेवढेच उतरावयाचे असते. दर किलोमीटरला सरासरी नऊ सेंटिमीटर! त्यामुळे तिची चाल संथ आहे. पात्र पुष्कळ ठिकाणी एक किलोमीटरहून रुंद असते आणि दोन्ही काठांना स्प्रूसची सूचिपर्णी अरण्ये लागतात. फोर्ट सिम्प्सन येथे डावीकडून लिआर्ड नदी येऊन मिळते. ही पर्वतातून येणारी, गढूळ आणि आवेगाची नदी आहे. सरोवरात गाळ ठेवून आलेले मॅकेन्झीचे स्वच्छ पाणी आणि लिआर्डचे मातकट पाणी संगमानंतर दूरवर एकाच पात्रात वेगवेगळे वाहताना दिसते. पुढे मॅकेन्झी पर्वताच्या रांगा आडव्या येतात आणि नदी उत्तरेकडे वळण घेते. तुलीता येथे उजवीकडून ग्रेट बेअर नदी येते. ‘तुलीता’ या शब्दाचा अर्थच मुळी ‘पाणी जेथे मिळते’ असा आहे. या परिसरात काठच्या टेकड्यांतील लिग्नाइटचे थर शतकानुशतके धुमसत आहेत. त्यापुढे नॉर्मन वेल्स हे तेलाचे गाव लागते. येथे १९२० मध्ये तेल लागले. फोर्ट गुड होपच्या अलीकडे चुनखडीचे उभे कडे दोन्ही बाजूंनी जवळ येतात आणि एवढी रुंद नदी एकाएकी अरुंद होते. थोड्याच अंतरावर ती आर्क्टिक वृत्त ओलांडते.

शेवटी येतो तो नदीचा त्रिभुज प्रदेश. सुमारे १३,००० चौरस किलोमीटरांच्या या सपाट भूमीत नदीचे असंख्य फाटे आणि हजारो तळी एकमेकांत गुंतलेली आहेत. दक्षिणेकडे स्प्रूसचे खुरटे वन, मग विलोची झुडपे आणि अखेरीस केवळ टुंड्रा, असा क्रम येथे दिसतो. जमीन बहुतेक ठिकाणी खोलवर बारमाही गोठलेली असते. अक्लाव्हिक हे जुने गाव पुराला आणि काठाच्या धुपीला तोंड देत असल्यामुळे १९५०नंतरच्या दशकात इनुव्हिक हे नवे गाव वसविण्यात आले. तेथील घरे खांबांवर उभी आहेत, कारण घराची ऊब जमिनीत उतरली तर खालचा बर्फ वितळून घरच खचेल. पाण्याचे व सांडपाण्याचे नळही याच कारणासाठी जमिनीवरून, ऊबदार पेट्यांतून नेलेले आहेत. पलीकडे तुक्तोयाक्तुकच्या परिसरात पिंगो नावाच्या टेकड्या आहेत. त्यांच्या पोटात मातीच्या आवरणाखाली शुद्ध बर्फ असतो. त्यांतील इब्यूक ही सुमारे ४९ मीटर उंच आहे.

अशा या नदीचा वार्षिक क्रम समजून घेतला म्हणजे उत्तरवाहिनी असण्याचा खरा अर्थ ध्यानात येतो. शरद ऋतू सरता सरता नदी गोठते आणि तिच्या पाठीवरून गाड्या जाऊ लागतात. वसंतात ऊन प्रथम दक्षिणेला पोचते. लिआर्डच्या खोऱ्यातील हिम वितळून पाण्याचा लोंढा निघतो, तेव्हा खालच्या अंगाला, म्हणजे उत्तरेला, नदी अद्याप गोठलेलीच असते. येणारे पाणी आणि न हलणारा बर्फ यांची गाठ पडते. बर्फाचे तट फुटतात, त्यांचे तुकडे एकमेकांवर चढून बंधारा बनतो आणि त्यामागे पाणी काही तासांत कित्येक मीटर चढू शकते. फोर्ट सिम्प्सनच्या आसपास बर्फ साधारणतः मेच्या पूर्वार्धात फुटतो, तर त्रिभुज प्रदेशात त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी. मे २०२१ मध्ये अशाच बंधाऱ्यामुळे फोर्ट सिम्प्सनमध्ये पाणी शिरले आणि अनेक कुटुंबांना घरे सोडून उंचावर जावे लागले. परंतु हाच पूर त्रिभुज प्रदेशातील उंचावरच्या तळ्यांना जीवनही देतो. नदीच्या नेहमीच्या पातळीपासून तुटलेली ही तळी बर्फाच्या बंधाऱ्याने चढविलेल्या पाण्यावरच पुन्हा भरतात.

याखेरीज नदी दक्षिणेची ऊब समुद्रापर्यंत नेते आणि मुखाजवळचा सागरी बर्फ लवकर मोकळा करते. त्या कोमट, उथळ पाण्यात उन्हाळ्यात बेलुगा जातीचे पांढरे देवमासे जमतात. अरण्यातून उन्मळून आलेले वृक्ष ती बोफर्ट समुद्राच्या किनाऱ्यावर टाकते. जेथे एकही झाड उगवत नाही तेथे इनुव्हिआलुइटांच्या पूर्वजांनी याच ओंडक्यांनी घरे बांधली. आर्क्टिक महासागराला मिळणाऱ्या नद्यांत सर्वाधिक गाळ हीच नदी वाहून नेते. सारांश, वर जे घडते ते खाली पोचते. हा या नदीचा पहिला आणि शेवटचा नियम आहे.

बाहेरच्या जगाला या नदीची ओळख अलेक्झांडर मॅकेन्झीच्या प्रवासाने झाली. नॉर्थ वेस्ट कंपनीचा हा तरुण भागीदार ३ जून १७८९ रोजी अथाबास्का सरोवरावरील फोर्ट चिपेवायन येथून भूर्जवृक्षाच्या सालीच्या होड्यांतून निघाला. पॅसिफिक महासागराची वाट सापडावी अशी त्याची इच्छा होती. पर्वताच्या रांगांनी नदीला उत्तरेकडे वळविले आणि जुलैच्या मध्यास तो आर्क्टिक महासागरापाशी पोचला. १२ सप्टेंबर रोजी तो परत ठाण्यावर आला होता. एवढा प्रवास १०२ दिवसांत झाला, हे त्याच्या धाडसाला भूषणावह आहे यात संशय नाही. तथापि त्याच्याबरोबर ‘इंग्लिश चीफ’ या नावाने ओळखला जाणारा एक चिपेवायन पुढारी होता आणि तोच काठच्या लोकांशी बोलणी करून देणारा दुभाषी होता, हेही विसरता येत नाही. ज्याला पुढे शोध म्हटले गेले, तो प्रवास वस्त्यांमागून वस्त्यांना वाट विचारीत झालेला होता. जेथे वाट विचारता येते ती भूमी निर्जन कशी म्हणावी?

हाच प्रश्न जवळजवळ दोन शतकांनी फार मोठ्या स्वरूपात उभा राहिला. १९६८ मध्ये अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावर प्रूडो बे येथे तेल व वायू यांचे प्रचंड साठे सापडले. पाठोपाठ मॅकेन्झीच्या त्रिभुज प्रदेशातही वायू मिळाला. तो दक्षिणेकडील शहरांना पुरविण्यासाठी नदीच्या खोऱ्यातून नळमार्ग टाकण्याच्या योजना पुढे आल्या. मार्च १९७४ मध्ये कॅनडाच्या सरकारने न्यायमूर्ती थॉमस बर्जर यांची चौकशीसाठी नेमणूक केली. बर्जर यांनी तज्ज्ञांच्या साक्षी घेतल्याच. पण त्याचबरोबर ते नदीकाठच्या आणि किनाऱ्यावरच्या ३५ वस्त्यांत स्वतः गेले. सभागृहांत त्यांनी सुमारे एक हजार लोकांचे म्हणणे ऐकले. शिकारी, कोळी, वृद्ध स्त्रिया, शाळकरी मुले आपापल्या भाषेत बोलत आणि दुभाषी ते इंग्रजीत सांगत. कॅनडाच्या सार्वजनिक नभोवाणीने या चौकशीचा वृत्तान्त इंग्रजीबरोबरच तेथील आदिवासी भाषांतूनही नित्य प्रसारित केला. त्यामुळे एका वस्तीत काय सांगितले गेले ते दुसऱ्या वस्तीला तिच्या भाषेत कळत गेले.

मे १९७७ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकात एकाच भूमीसाठी दोन शब्द शेजारी ठेवलेले होते. मराठीत सांगावयाचे तर, उत्तरेचा सीमाप्रदेश आणि उत्तरेची मायभूमी. ‘सीमाप्रदेश’ हा दक्षिणेकडून पाहणाऱ्याचा शब्द आहे. ज्याला तेथून काही आणावयाचे आहे, त्याला ती भूमी आपल्या वस्तीच्या कडेला दिसते. ‘मायभूमी’ हा तेथे उभे राहून बोलणाऱ्याचा शब्द आहे. त्याच्या दृष्टीने तीच भूमी जगाच्या मध्यभागी असते. बर्जर यांनी शिफारस केली की, उत्तर युकॉनच्या किनाऱ्याकडून नळमार्ग कधीच नेऊ नये. आणि मॅकेन्झीच्या खोऱ्यातील नळमार्ग दहा वर्षे पुढे ढकलावा व त्या अवधीत मूळ रहिवाशांच्या भूमिहक्कांचा निकाल लावावा.

पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. इनुव्हिआलुइटांशी १९८४ मध्ये, ग्विचिनांशी १९९२ मध्ये आणि साहतू प्रदेशातील डेने व मेटी यांच्याशी १९९३ मध्ये भूमिहक्कांचे करार झाले. त्यानंतर वायूच्या नळमार्गाची योजना पुन्हा आली, तेव्हा या समाजांतील अनेकांनी स्वतःचा गट स्थापून तिच्यात एक तृतीयांश वाटा मिळविण्याचे ठरविले. दीर्घ तपासणीनंतर योजनेला मंजुरीही मिळाली. मात्र वायूचे भाव उतरल्यामुळे २०१७ मध्ये ती सोडून देण्यात आली. या घटनाक्रमावरून काहीजण असा निष्कर्ष काढतात की, आधीचा विरोध फोल होता. मला तसे वाटत नाही. पूर्वी ज्यांना कोणी विचारले नव्हते ते २००० नंतर वाटाघाटींच्या मेजापाशी बसले होते. नळमार्ग हवा की नको याविषयी डेने लोकांत पूर्वीही मतभेद होते आणि नंतरही राहिले. पण ठरविण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर मात्र बदलले होते.

येथे नदीच्या नियमाकडे पुन्हा वळावे लागते. करार झाले ते खोऱ्याच्या खालच्या भागातील भूमीचे. पाणी मात्र वरून येते. पीस नदीवर ब्रिटिश कोलंबियात सुमारे १८० मीटर उंचीचे बेनेट धरण १९६८ मध्ये पुरे झाले. त्याचा जलाशय भरत असताना, १९६८ ते १९७१ या काळात, शेकडो किलोमीटर खाली अथाबास्का सरोवराकाठचा तो त्रिभुज प्रदेश कोरडा पडू लागला. ज्या पुराने पाणी उलटे फिरून तळी भरत, तो पूरच धरणात अडकला होता. वीज दक्षिणेला गेली आणि कोरडी तळी फोर्ट चिपेवायनच्या शिकाऱ्यांच्या वाट्याला आली. त्याच नदीवर साइट-सी नावाच्या आणखी एका धरणाचा जलाशय २०२४ मध्ये भरण्यात आला.

अथाबास्का नदीच्या काठी १९६७ पासून तेलमिश्रित वाळूच्या विशाल खाणी चालू आहेत. वाळूतून तेल काढल्यावर उरलेले दूषित पाणी नदीलगतच्या मोठमोठ्या तलावांत साठविले जाते. २०२२ मध्ये एका खाणीतून असे पाणी जमिनीत झिरपत असल्याचे लक्षात आले होते. तथापि खालच्या अंगाच्या वस्त्यांना खरी परिस्थिती कळली ती फेब्रुवारी २०२३ मध्ये, त्याच खाणीतील एका साठ्यातून ५३ लाख लिटर पाणी वाहून गेल्यानंतर. मधले कित्येक महिने ती माणसे नेहमीप्रमाणे मासे धरीत होती आणि शिकार करीत होती. पाणी किती दूषित झाले हा शास्त्राचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर मोजमापांनी मिळेल. पण वरच्यांना ठाऊक असलेली गोष्ट खालच्यांना कळविली गेली नाही, हे सांगण्यास मोजमापाची गरज नाही.

याच सुमारास हवामानानेही आपला हिशेब मांडला. २०२० आणि २०२१ मध्ये ग्रेट स्लेव्ह सरोवराची पातळी असामान्य उंच होती. त्यानंतर वरच्या खोऱ्यात कडक अवर्षण पडले आणि २०२३ व २०२४ मध्ये तीच पातळी नोंदींतील नीचांकापर्यंत उतरली. २०२३ च्या उन्हाळ्यात वणव्यांमुळे राजधानी यलोनाइफ रिकामी करावी लागली. २०२४ मध्ये नदीत पाणीच पुरेसे नसल्याने इंधन आणि अवजड माल आणणाऱ्या नौकांच्या तुलीता, नॉर्मन वेल्स व फोर्ट गुड होपकडील फेऱ्या रद्द झाल्या. या गावांना बारमाही रस्ता नाही. उन्हाळ्यात नदी आणि हिवाळ्यात बर्फावरची वाट, एवढेच त्यांचे मार्ग. विमानाने आणलेल्या इंधनाची किंमत सामान्य कुटुंबाला परवडणारी नसते. ज्या नदीला महानदी म्हटले तिच्यात नाव चालेना, ही गोष्ट तेथील वृद्धांनाही अपरिचित होती.

उपायाच्या दिशेने काही पावले पडलेली आहेत. या खोऱ्यात वाटा असलेली प्रांतिक सरकारे आणि कॅनडाचे केंद्र सरकार यांनी १९९७ मध्ये खोऱ्याच्या पाण्याविषयी एक मूलभूत करार केला. त्याच्या आधारे अल्बर्टा आणि वायव्य प्रांत यांच्यात २०१५ मध्ये द्विपक्षीय करार झाला. वरच्याने खालच्याला आगाऊ सूचना द्यावी, त्याच्याशी विचारविनिमय करावा आणि त्याला बाधा पोचू देऊ नये, ही तत्त्वे त्यांत मान्य करण्यात आली आहेत. तत्त्व कागदावर असणे आणि ते २०२२ सारख्या वर्षी पाळले जाणे यांतील अंतर किती, हे आपण नुकतेच पाहिले. म्हणून बर्जर यांच्या चौकशीचे महत्त्व मला आजही वाटते. तिने काय शिफारस केली यापेक्षा ती कशी चालली, हे अधिक काळ टिकणारे आहे. निर्णय करणारा माणूस प्रवाहाबरोबर खाली गेला, प्रत्येक वस्तीत थांबला आणि आपली भाषा न जाणणाऱ्यांचे बोलणे दुभाष्यामार्फत शेवटपर्यंत ऐकत बसला.

नदीवर धरण बांधणाऱ्याला, खाण काढणाऱ्याला अथवा त्यांना परवाना देणाऱ्याला नदीचा खालचा भाग क्वचितच दिसतो. मॅकेन्झीच्या बाबतीत तर तो हजारो किलोमीटर दूर, अंधाऱ्या हिवाळ्याच्या आणि वेगळ्या भाषांच्या प्रदेशात आहे. त्यामुळे तेथे कोणी नाही असे धरून चालणे सोपे जाते. पण तेथे तुलीता आहे, फोर्ट गुड होप आहे, अक्लाव्हिक आहे. तेथे नदीची वाट पाहणारी माणसे आहेत. वसंतात ती काठावर उभी राहून बर्फ फुटण्याचा आवाज ऐकतात, आणि वरून काय येते आहे हे त्यांना सर्वांच्या शेवटी कळते. ते त्यांना आधी कळावे, आणि ठरविण्यापूर्वी त्यांना विचारले जावे, एवढीच अपेक्षा या उत्तरवाहिनीच्या भूगोलातून निघते. ती अवास्तव आहे असे मला वाटत नाही.